गरिबांच्या बचतीत सरकारने भर घालावी का?

उंबरठा: गरिबाला पोटापुरतं द्यायचं, पण गाठीला काही राहू द्यायचं नाही, असा बऱ्याच योजनांचा खाक्या असतो. अमेरिकेत वृद्ध आणि अपंग गरिबांच्या ‘एसएसआय’ भत्त्यासाठी एकट्या माणसाची पुंजी २,००० डॉलरच्या आत लागते. ही मर्यादा १९८९ पासूनची! समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक मायकेल शेराडन यांनी १९९१ मध्ये उलट मांडणी केली. घरकर्जाच्या व्याजावर, पेन्शनवर करसवलत देऊन सरकार सुखवस्तूंच्या मालमत्तेला हातभार लावतंच. मग गरिबाने घर, शिक्षण किंवा धंद्यासाठी टाकलेल्या डॉलरवर एक-दोन डॉलर का घालू नयेत? मला हे मनापासून पटतं.

ताळेबंद: हेतू चांगला, पण हिशेब बघा. अमेरिकेतल्या तुल्सा शहरात १९९८ पासून याचाच प्रयोग झाला. अर्जदारांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला घरासाठी स्वतः टाकलेल्या एका डॉलरवर दोन डॉलर मॅचिंग, म्हणजे वरची भर, दुसऱ्याला काहीच नाही. दहा वर्षांनी घरमालकीत दोन्ही गट जवळपास सारखेच! तेवढे पैसे सरळ हातात दिलेले काय वाईट?

रानवारा: आणि ज्याच्याकडे महिनाअखेर काही उरतच नाही, तो टाकणार काय? मॅचिंग मिळतं ते थोडीफार शिल्लक असलेल्यांनाच.

उंबरठा: ताळेबंद, घराबाबत तुमचं खरं. पण त्याच तुल्सात मॅचिंग मिळालेले लोक पुढच्या शिक्षणाकडे जास्त वळलेले दिसले, ते का सोडता?
रानवारा, तुमचा मुद्दा मलाही बोचतो. त्यावर ब्रिटनची कमी मिळकतवाल्यांसाठीची २०१८ ची बचत योजना ‘हेल्प टू सेव्ह’ बघा. महिन्याला जास्तीत जास्त ५० पाउंड, एखादा महिना चुकला तरी चालतो. पहिल्या दोन वर्षांत खात्यात जी सर्वाधिक शिल्लक झाली असेल तिच्या निम्मा बोनस. मधे आजारपण आलं, पैसे काढले, तरी तो बोनस जात नाही. पैसे कशाला वापरायचे याचीही अट नाही. गरिबाची मिळकत कशी हेलकावे खाते हे ओळखून केलेली रचना आहे ही.

ताळेबंद: रचना बरी आहे, मान्य. घर किंवा धंद्याच्या अटीपेक्षा तर नक्कीच.

रानवारा: तरी पहिला पैसा गरिबानेच टाकायचा! तो सरकारने टाकावा. ब्रिटनने सप्टेंबर २००२ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावे २५० पाउंड टाकले होते, गरीब घरांसाठी ५००. नंतर काटकसरीच्या नावाखाली ते बंद केलं. माझी मागणी तेवढीच आहे, मॅचिंग त्यानंतर.