मदत हवी आहे : परदेशात विज्ञान शिक्षिकेची नोकरी, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र आणि गणित शिकवते. एम.एस्सी., बी.एड., दोन्ही नियमित कॉलेजातून. मुलगी लहान असताना काही वर्षं घरी होते, बाकी सगळा काळ वर्गात. येत्या वर्ष-दीड वर्षात परदेशात शिकवायला जायचं, असं घरात सगळ्यांच्या विचाराने ठरलंय. मुलांच्या हातात उपकरणं देऊन शिकवायची माझी फार इच्छा आहे आणि उमेद आहे तोवरच ते करायचंय.

अडचण अशी, की नेमकी सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. एकजण सांगतो, आधी इंग्लंडचं क्यूटीएस (म्हणजे पात्र शिक्षक असल्याची तिथली सरकारी मान्यता) घे, त्याशिवाय कुणी विचारणार नाही. दुसरा म्हणतो, आखातात थेट अर्ज टाक, कागदपत्रांचं नंतर बघता येतं. एका एजंटने तर शाळेचं नावही न सांगता 'जागा धरून ठेवायला' पैसे मागितले. मुलाखतीआधीच ऑफर लेटर देतो म्हणाला, आणि जायचं व्हिजिट व्हिसावर. माझं मन घेत नाही, पण नवऱ्याचे मित्र म्हणतात, सगळे असेच जातात.

क्यूटीएस आधी की नोकरी आधी? पदव्यांवर माझं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं, त्याने काही अडतं का? मधल्या खंडाबद्दल काय लिहायचं? आणि सध्याच्या शाळेत अजून कुणालाच बोललेले नाही, मग रेफरन्स कुणाचा देऊ?

ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

ताई, त्या एजंटला आजच नाही म्हणा. सगळे असे जात नाहीत. मी अमिरातीत शिकवतो. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा आणि नोकरीवर घेण्याचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणं तर सरळ बेकायदा आहे. उद्या पगार थकला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

नावाचा प्रश्न मात्र खरा आहे, तो आधी मिटवा. अमिराती अपोस्टिल करारात (ज्यात एकाच शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात चालतो) नाही, त्यामुळे पदवीवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग त्यांच्या दूतावासाचा, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, अशी साखळी असते. यात दोन नावं दिसली की फाईल अडकते. विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचे कागद पदव्यांसोबतच साक्षांकित करून ठेवा. मूळ पदव्या कुणाच्याही ताब्यात ठेवू नका.

ऑफर आली की एकूण आकड्याला भुलू नका, मूळ पगार किती ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच काढतात: एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३० दिवसांचा. पगार भत्त्यांनी फुगवलेला असेल तर ही रक्कम हातात अगदीच कमी येते. मुलीची फी माफ होणार का, किती टक्के, हे करारात लिहून घ्या. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेर-सप्टेंबरात सुरू होतात आणि त्यांची भरती आदल्या हिवाळ्यापासूनच चालते. मे महिन्यात जागे झालात तर उरलंसुरलं हाती लागतं.

प्रतिसाद २

मी इंग्लंडमधल्या सरकारी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. क्यूटीएसबद्दल सांगते, कारण त्याबाबत फार गैरसमज आहेत.

फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही नव्या देशांत पात्र झालेल्या शिक्षकांना इंग्लंडच्या शिक्षण खात्याकडे क्यूटीएससाठी थेट अर्ज करता येतो. आपल्यासाठी अट अशी की गणित, विज्ञान किंवा भाषा हा विषय हवा आणि ११ ते १६ वयोगटाला शिकवण्याची पात्रता हवी. तुम्ही दोन्हीकडे नेमक्या बसता. पदवी, शिक्षक प्रशिक्षण, त्यानंतरचा किमान एक शालेय वर्षाचा अनुभव, इंग्रजीचा पुरावा आणि शिक्षक म्हणून मान्यता असल्याचं पत्र लागतं. अर्जाला शुल्क नाही. 'क्यूटीएस मिळवून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो फुकटची गोष्ट विकतोय.

पण क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे आणि व्हिसाही नव्हे. नोकरी वेगळी शोधावी लागते, आणि तीही स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला व्हिसावर नोकरी देण्याचा सरकारी परवाना) असलेल्या शाळेत. लायसन्स असलेल्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर उघड आहे. एक-एक शाळेचं किंवा ती चालवणाऱ्या ट्रस्टचं नाव तिथे ताडून बघा, नसेल तर अर्जात वेळ घालवू नका. जागा 'टीचिंग व्हेकन्सीज' या सरकारी पोर्टलवर मोफत दिसतात. इथल्या शिक्षकांना उन्हाळ्यात नोकरी सोडायची तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, म्हणून सप्टेंबरच्या जाहिराती फेब्रुवारी ते मे या काळात सर्वांत जास्त असतात.

तुमचा खंड ही लपवायची गोष्ट अजिबात नाही. इथे नुसत्या सीव्हीवर शिक्षक घेत नाहीत, पूर्ण अर्ज भरून घेतात, आणि नोकरीतल्या प्रत्येक खंडाबद्दल विचारणं हे बालसुरक्षेच्या नियमांतच आहे. 'मुलीच्या संगोपनासाठी घरी होते', महिना-वर्षासकट, बस. कोरी जागा सोडलीत तर मात्र शंका येते. मुलाखतीत बालसुरक्षेवर प्रश्न येणारच. एखाद्या मुलाने घरी मार बसल्याचं तुम्हाला सांगितलं तर काय कराल, अशा धर्तीचा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला द्यायचं नाही आणि शाळेत बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीला लगेच कळवायचं, हे उत्तर नुसतं पाठ करू नका, समजून घ्या. 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' हा सरकारी दस्तऐवज मोफत मिळतो, त्याचा पहिला भाग तरी वाचाच.

खर्चाचं आत्ताच मांडून ठेवा. व्हिसा शुल्काशिवाय इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार लागतो, मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि १८ खालच्यांना ७७६, तोही सगळ्या वर्षांचा एकरकमी. तिघांचा तीन वर्षांचा हिशेब ८,५३८ पौंड होतो. शाळा यातलं काही देणार का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि भौतिकशास्त्राची म्हणून घेतलं तरी खालच्या वर्गांना जीव आणि रसायनही शिकवावं लागेल, याची तयारी ठेवा.

प्रतिसाद ३

ऑस्ट्रेलियाचा विचार असेल तर एकच सांगतो. तिथे व्हिसासाठी शिक्षकांचं कौशल्य मूल्यांकन होतं, त्यात प्रशिक्षणादरम्यान किमान ४५ दिवस देखरेखीखाली शिकवल्याचा पुरावा मागतात. बी.एड. कॉलेजकडून सरावपाठांच्या दिवसांचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनाला ७ आणि बोलणं-ऐकण्याला ८ लागतात. ८ ला भले भले अडतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला नाही कळवलं. नवऱ्यालाही हे प्रतिसाद वाचून दाखवले, आता त्याचीही खात्री पटली आहे. इंग्लंड पहिलं, अमिराती दुसरं, असं ठरवतोय. क्यूटीएसचा अर्ज फुकट आहे म्हटल्यावर तो तर भरतेच. रेफरन्सचं मात्र अजून कळलं नाही. मुख्याध्यापिकांना आत्ता सांगितलं आणि नोकरी मिळालीच नाही, तर इथली परिस्थिती अवघड होईल. आधीच्या शाळेतल्या सरांचा दिला तर चालेल का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

दुसरा रेफरन्स म्हणून चालेल, पहिला सध्याच्या शाळेचाच लागतो. इंग्लंडमध्ये शक्यतो मुलाखतीच्या आधीच रेफरन्स मागवतात, त्यामुळे शेवटपर्यंत लपवता येत नाही. पण आजच सांगायची गरजही नाही. अर्ज करा, आणि मुलाखतीला बोलावणं आलं की त्याच दिवशी मुख्याध्यापिकांना स्वतः भेटून सांगा. त्यांना ते इथल्या शाळेच्या मेलमधून कळणं सर्वांत वाईट. पत्र शाळेच्या अधिकृत ईमेलवरूनच जायला हवं, खासगी पत्त्यावरून आलेलं धरत नाहीत. शाळेला असा ईमेल नसेल तर तेवढं आधी विचारून ठेवा.

धागाकर्ती

आमच्या शाळेचा मेल ऑफिसमधले भाऊ बघतात, त्यांना उद्या सहज विचारते. सरावपाठांच्या पत्रासाठी कॉलेजला आज फोन केला होता, जुनी रजिस्टरं शोधायला वेळ लागेल म्हणाले. इंग्लंडमध्ये व्हिडिओवरून डेमो पाठ घेतलेलं कुणी असेल तर त्यांनी तो कसा घेतला, समोर मुलं होती की नुसता कॅमेरा, तेही सांगा.