मदत हवी आहे: बंद घरासाठी केबलवाल्याची सिक्युरिटी मॉनिटरिंग सेवा घ्यावी का? (नाशिक)

उनाडमांजर

नमस्कार मंडळी,

आई-बाबा दिवाळीनंतर ताईकडे मेलबर्नला चाललेत, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परततील. घर मखमलाबाद रोडला आहे, कोपऱ्यावरचं रो-हाऊस. मागच्या बाजूला मोकळा प्लॉट आणि त्याच्या पलीकडे द्राक्षबाग. मी पुण्यात असते, महिन्यातून एखादी चक्कर होईल, त्यापेक्षा जास्त जमणार नाही. एवढे महिने घर बंद ठेवायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे सगळेच जरा धास्तावलेत.

आमच्या केबलवाल्याने (ब्रॉडबँडही त्याचंच आहे) आता घराच्या सुरक्षेचं पॅकेज काढलंय. चार वायफाय कॅमेरे, पुढच्या-मागच्या दाराला सेन्सर, हॉलमध्ये हालचाल टिपणारा एक सेन्सर, एक भोंगा आणि 'चोवीस तास कंट्रोल रूम'. महिना ६९९ रुपये अधिक जीएसटी, नेटच्या बिलातच येणार. सामान 'फ्री', पण करार ३६ महिन्यांचा. मी हिशोब मांडला तर १८ टक्के जीएसटी धरून तीन वर्षांत २९ हजार ७०० च्या आसपास जातात. एमजी रोडवरच्या एका दुकानदाराने वायरवाले चार कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवायचा डबा), १ टीबीची डिस्क आणि फिटिंग असं सगळं वीस हजारांच्या आत सांगितलं. म्हणजे फ्री काय आहे ते कळलंच.

पण फक्त पैशाचा प्रश्न असता तर इथे विचारलं नसतं. दुकानदाराच्या सेटमध्ये कॅमेरा बघायचा कोणी? मीच. रात्री दोन वाजता मोबाइल वाजला आणि मी झोपेत असले तर संपलं. केबलवाल्याचं म्हणणं, आमची माणसं बघत बसलेली असतात. बाबांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. घरात दूरदर्शन सोडून दुसरं काही दिसायला लागलं तेव्हापासूनची ओळख, मॅचच्या वेळी लाइन गेली तरी माणूस शिडी घेऊन हजर व्हायचा. मी मात्र बिल न्यायला येणाऱ्या पोराला विचारलं, 'कंट्रोल रूम कुठे आहे? मध्यरात्री तिथे कोण असतं? भोंगा वाजला तर घरी कोण जाऊन बघणार?' तर म्हणे, 'ताई, टेन्शन नका घेऊ, सगळं ऑटोमॅटिक आहे.' याने टेन्शन वाढलंच.

शिवाय हॉलमधला कॅमेरा त्यांच्या माणसांना कायम दिसत राहणार, हे मला पटत नाही. आई-बाबा परत आल्यावरही करार चालूच असेल ना. बाबा बनियनवर पेपर वाचतात, ते कोणी अनोळखी पोराने का बघावं?

तर कोणी नाशिकमध्ये केबल किंवा ब्रॉडबँडवाल्याकडून अशी सेवा घेतली आहे का? करार करण्याआधी नेमकं काय विचारायचं? आणि घराचं नेट मधूनमधून जातं, तेव्हा या सगळ्याचं काय होतं? कंपन्यांची जाहिरात नको, अनुभव सांगा.

पंचवटीकर

नेट गेलं की वायफाय कॅमेरा आंधळा. कुंभाच्या कामांसाठी आमच्याकडे रस्ते खणून ठेवलेत, जेसीबीचा दात लागला की फायबर गेलीच, मग जोडायला कधी कधी दुसरा दिवस उजाडतो. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकायला लावा, निदान रेकॉर्डिंग तरी राहील. आणि हो, शेजारी चांगले असतील तर किल्ली त्यांच्याकडे ठेवा, ६९९ वाचवा 🙂

तारेवरचा

ताई, मी सिडको-अंबड भागात नेटवर्किंग आणि कॅमेऱ्यांचीच कामं करतो, म्हणून जरा लांबड लावतो.

आधी वीज. घरात इन्व्हर्टर असला तरी तो राउटरला जोडलाय का ते बघा. नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. पण खरी मेख घराबाहेर आहे. तुमच्या केबलवाल्याची फायबर थेट घरापर्यंत जीपॉनवर (एकच फायबर फाटे फोडून घराघरात नेण्याची पद्धत) असेल, तर मधे खांबावर वीज लागत नाही, कारण तिथे फक्त स्प्लिटर, म्हणजे विजेशिवाय प्रकाश वाटून देणारा तुकडा असतो. जुन्या पद्धतीने खांबावर किंवा कोणाच्या गच्चीवर डब्यात स्विच ठेवला असेल, तर त्या डब्याची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर काही कामाचा नाही. हे तपासायला कोणाला विचारायचीही गरज नाही. पुढच्या वेळी महावितरणची लाइट जाईल तेव्हा बाबांना नेट चालू आहे का एवढं बघायला सांगा.

दुसरं, अपलोड. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण २ एमबीपीएस घेतो. चार कॅमेरे क्लाउडवर सतत चढवायचे म्हणजे ८ एमबीपीएस, दिवसाला ८६ जीबी, महिन्याला अडीच टीबीच्या वर. तुमच्या प्लॅनची एफयूपी (ज्यानंतर स्पीड कमी होतो ती डेटाची मर्यादा) किती आहे ते बघा, नाहीतर निम्म्या महिन्यात स्पीड पडायचा. म्हणून बहुतेक जण हालचाल झाली की तेवढंच क्लाउडवर पाठवतात. हेच रेकॉर्डिंग घरात डीव्हीआरवर ठेवलं तर १ टीबीत अकरा-बारा दिवस बसतं. फक्त डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर पहिला तोच काढून नेतो. माळ्यावर किंवा बंद कपाटात, हवा खेळेल असा ठेवा.

'चोवीस तास कंट्रोल रूम' म्हणजे बहुतेक वेळा कोणी स्क्रीनकडे टक लावून बसलेलं नसतं. सेन्सर वाजला की त्यांच्याकडे अलर्ट जातो, मग तिथला माणूस व्हिडिओ उघडून बघतो आणि तुम्हाला फोन करतो. नीट चालवली तर ही पद्धत चांगलीच आहे. पण अलर्ट आल्यापासून किती मिनिटांत फोन करणार, तुम्ही उचलला नाही तर पुढचा फोन कोणाला, आणि प्रत्यक्ष माणूस पाठवणार का, हे कागदावर लिहून घ्या. माणूस पाठवणार असतील तर ते काम कोणत्या सिक्युरिटी एजन्सीकडे आहे ते विचारा. २००५ च्या कायद्याप्रमाणे रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना लागतो. आणि अलार्म वाजला की पोलीस आपोआप येतील या भ्रमात राहू नका, कोणीतरी ११२ ला फोन लावावाच लागतो.

खोट्या अलर्टची तयारी ठेवा. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडच्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते, कोळी जाळं विणतो, आणि फोन रात्रभर वाजतो. मागे द्राक्षबाग आहे म्हणजे मांजरं-कुत्री धरूनच चाला. बिबट्या दिसला तर व्हिडिओ इथे टाका.

शेवटी मालकी. ॲपचं मुख्य खातं तुमच्या नंबरवर हवं, त्यांच्या नाही. पासवर्ड तुम्ही स्वतः बदला. कॅमेऱ्याच्या खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक बघा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीचा नियम लागू झालाय, त्यामुळे जुना पडून असलेला माल कोणी खपवत नाही ना हे पाहिलेलं बरं. हॉलमध्ये कॅमेरा नकोच म्हणा. आत फक्त दाराचे आणि हालचालीचे सेन्सर, कॅमेरे सगळे बाहेर.

जर्सीकर

माझं माहेर कॉलेज रोडचं, सध्या न्यू जर्सीत. इकडे केबल कंपन्यांनी हा उद्योग बरीच वर्षं केलाय, कॉमकास्टची एक्सफिनिटी होम वगैरे. इथे अलार्म वाजला की मॉनिटरिंग सेंटर आधी तुम्हाला फोन करतं, मग तुम्ही दिलेल्या दुसऱ्या नंबरवर, मग पोलिसांना. बऱ्याच गावांत अलार्मसाठी परमिट लागतं आणि सारखे खोटे अलार्म गेले तर दंड बसतो, त्यामुळे सगळेच सेन्सर नीट लावून घेतात.

करार करण्याआधी एक उदाहरण लक्षात ठेव. टाइम वॉर्नर केबलची इंटेलिजंटहोम नावाची अशीच सेवा होती. २०१६ मध्ये ती कंपनी चार्टरने घेतली आणि ५ फेब्रुवारी २०२० ला चार्टरने सुरक्षा सेवा बंदच केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेले सेन्सर त्या सिस्टीमलाच बांधलेले होते, दुसऱ्या कोणाच्या सेवेला बहुतेक जोडता येईनात. ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांच्या सवलती दिल्या म्हणे, पण सामान कचऱ्यातच. एवढी मोठी कंपनी असं करू शकते, तर गल्लीतला ऑपरेटर उद्या दुसऱ्याला लाइन विकून मोकळा झाला तर? ३६ महिन्यांत त्यांनी सेवा बंद केली तर सामान कोणाचं आणि उरलेले हप्ते माफ का, एवढं लिहून घे.

उनाडमांजर

सगळ्यांचे आभार. तारेवरचा दादा, तुमची लांबड प्रिंट काढून बाबांना दिली आहे.

बाबांनी काल केबलवाल्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं. फायबर घरापर्यंत थेट आहे, ती चिंता मिटली. कंट्रोल रूम मात्र दुसऱ्या शहरात, कंत्राटावर. घरी माणूस पाठवायची सोय नाही, फक्त फोन करतात, आणि किती मिनिटांत ते लिहून द्यायला तयार नाहीत. करार १२ महिन्यांचा करू म्हणाले, पण मग कॅमेऱ्यांचे पैसे लागतील.

मग त्या फोनसाठी ६९९ कशाला द्यायचे? सेन्सरचा अलर्ट माझ्याबरोबर मागच्या गल्लीतल्या काकांनाही जाईल असं करता येतंय. ते मिलिटरीतून निवृत्त आहेत, पहाटे चारला उठतात आणि किल्ली त्यांच्याकडेच राहणार आहे. मी पंचवटीकरांचं ऐकलं असं समजू नका, आईने आधीच ठरवलं होतं 😀 म्हणजे आता एमजी रोडवाल्याचे चार वायरवाले कॅमेरे बाहेर, आत तीन सेन्सर, आणि नेट गेलं तर सिमकार्डवर मेसेज पाठवेल असा अलार्मचा डबा. निघायच्या आधी बाबा पोलीस ठाण्यातही घर बंद राहणार म्हणून कळवून येतील.

आता एकच अडलंय. सिमवर चालणारा असा डबा दुकानदाराकडे नाही, ऑनलाइन घ्या म्हणतो. नाशिकमध्ये कोणी बसवून देतं का? आणि त्यात रिचार्ज नसलेलं सिम किती दिवस चालतं, की दर महिन्याला पैसे भरावेच लागतात?

तारेवरचा

रिचार्ज संपला की मेसेज जाणं बंद होतं, नेमकं लागेल तेव्हा. वर्षाचा प्लॅन एकदाच मारून टाका. डबा ऑनलाइन घेतलात तरी चालेल, फक्त फोरजी सिमवर चालणारा बघा, स्वस्तातले बरेचसे टूजीवरच चालतात आणि जिओचं सिम त्यात चालणार नाही. बसवायला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दिवाळीआधीच्या गर्दीत नाही जमणार, आत्ताच सांगा.