दीड फुटी टँक, खरी झाडं आणि कमीत कमी कटकट – जमेल का?

खिडकीवाला
नमस्कार मंडळी. लेकीला मासे हवेत, माझी अट एकच की दर रविवारी मी बादल्या उपसत बसणार नाही. दुकानदाराने दीड बाय एक बाय एक फुटाची काचेची टँक दाखवली, सोबत रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, चार गोल्डफिश आणि "काच साफ ठेवायला" एक सकर मासा असं पॅकेज. युट्यूबवर बघतो तर लोक खरी झाडं लावून फिल्टरशिवाय पण चालवतायत आणि दुसरीकडे कोणीतरी झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर जोडून बसलाय, त्यामुळे डोकं पार भंजाळलंय. आम्ही पुण्यात, सोसायटीला पालिकेचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. टँक हॉलमध्ये खिडकीला लागून ठेवायचा विचार आहे. गणपतीत आठ-दहा दिवस देवरुखला जातो, तेव्हा माशांचं काय करायचं तेही सांगा.

शेवाळशत्रू
आधी ते पॅकेज रद्द करा. गोल्डफिश नीट वाढला तर सहा-आठ इंचांचा होतो आणि घाण प्रचंड करतो, सकर तर फुटाच्या वर जातो, आणि मोठा झाला की लोक तो नेऊन नदीत सोडतात, म्हणून आपल्या नद्या-तलावांत आता हे परदेशी सकर सापडायला लागलेत. तुमच्या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ ४२ लिटर मावतं, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात ३५ उरतात. त्यात पाच-सहा नर गप्पी, किंवा मग एकटा फायटर (बेटा मासा), बस्स. नरच घ्या, जोड्या आणल्या तर महिन्या-महिन्याला पिल्लं, ती कोणाला वाटणार?
खिडकी नको. थेट ऊन आलं की पंधरा दिवसांत काच हिरवीगार. आतल्या भिंतीला ठेवा, साधा एलईडी घ्या, वीस-पंचवीस वॉटचा नाही हो, या मापाला दहा-बारा वॉट पुरे, त्याला टायमर लावा, सुरुवातीला सहा तास, झाडं धरली की आठ. टायमर नसेल तर तुम्ही लाईट बंद करायला विसरणार आणि मग इथे "शेवाळ झालं" म्हणून दुसरा धागा काढणार. टेबल मजबूत बघा, सगळं मिळून पन्नास किलोच्या आसपास जातं.
झाडं म्हणाल तर जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन (क्रिप्ट). तिन्ही सावकाश वाढतात, कमी उजेडात जगतात, सीओटू लागत नाही. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं जाड खोड असतं ते वाळूत पुरायचं नाही, कुजतं. दगडाला नाहीतर लाकडाला दोऱ्याने बांधा, मुळं आपोआप धरतात.

मातीतली
वरच्या उत्तरात एक राहिलं. नुसती सावकाश वाढणारी झाडं लावली तर पहिल्या दोन महिन्यांत पाण्यातलं खत खाणार कोण? शेवाळ. म्हणून सुरुवातीला पटापट वाढणारं काहीतरी भरपूर कोंबा, हायड्रिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया, वरून थोडं तरंगणारं. नंतर कमी करत न्या.
मी मातीवालीच आहे. खाली इंचभर साधी बागेतली माती, वर इंच-दीड इंच वाळू, झाडांना वर्षभर वेगळं खत घालावं लागत नाही. पण नर्सरीतली पिशवी बघून घ्या, त्यात बहुतेक वेळा शेणखत मिसळलेलं असतं आणि ते पाण्यात गेलं की अमोनिया होतो, मासे टिकत नाहीत. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) पण नको, धारदार असते आणि भुकटी संपता संपत नाही. नदीची वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची. दगडांवर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तो दगड पाण्यात चुना सोडणार.

शेवाळशत्रू
नवख्या माणसाला माती नको हो ताई. लेक हात घालून एक झाड उपटणार आणि अख्खी टँक चहाच्या रंगाची. वाळूच ठेवा, क्रिप्टच्या मुळाशी दोन-तीन महिन्यांनी एक रूट टॅब (खताची गोळी) खोचली की झालं.

मातीतली
लेकीला उपटू नको म्हणून सांगता येतं 😄 बरं, ज्याची त्याची मर्जी. क्रिप्टची पानं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वितळल्यासारखी गळतात, ते घाबरून फेकू नका, मुळं जिवंत असतात, नवीन पानं येतात.

खिडकीवाला
धन्यवाद दोघांनाही. वाळूच करतो बहुतेक. मासे त्याच दिवशी सोडले तर चालतील ना? आणि टँकरच्या पाण्याचं काय?

क्षारवाला
अजिबात नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. ओळखीत कोणाची जुनी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळा, काम लवकर होतं. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या, स्वस्त आहे, आणि तो नळाखाली कधीच धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. मासे सोडायच्या आधी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आहेत का ते टेस्ट किटवर बघा.
टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, म्हणजे जड, क्षार जास्त. गप्पी आणि व्हॅलिसनेरियाला ते उलट आवडतं, त्यामुळे तेवढी चिंता नको. गोची वेगळीच आहे. उन्हाळ्यात पाणी उडतं पण क्षार आतच राहतात, तुम्ही वरून परत टँकरचंच ओतता, क्षार वाढत जातात आणि काचेवर पांढरी रेघ दिसायला लागते. उडालेलं पाणी भरायला आरओचं शुद्ध वापरा. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं ते नव्हे, त्यात क्षार अजून जास्त! पालिकेचं पाणी क्लोरीनसाठी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब. आणि "पाणी कधीच बदलायचं नाही"वाल्यांचं ऐकू नका, पंधरा दिवसांतून एकदा एक बादली काढा आणि एक बादली घाला, वीस मिनिटांचं काम आहे.
मे महिन्यात पाणी ३२ च्या वर जायला लागलं तर टेबलफॅन पाण्यावरून फिरवा, दोन-तीन डिग्रीने उतरतं. फायटर ठेवलात तर डिसेंबरात छोटा हीटर लागेल, पुण्यातली थंडी त्याला झेपत नाही.

मातीतली
गणपतीचं राहिलं. मोठे, निरोगी मासे आठ-दहा दिवस न खाता आरामात राहतात, झाडांवरचं बारीकसारीक टिपत असतात. खरा धोका शेजाऱ्यांचा, "बिचारे उपाशी" म्हणून अर्धी डबी ओततात. कोणाला सांगायचंच असेल तर चिमूट-चिमूट पुड्या बांधून ठेवा आणि डबी कपाटात लपवा. सुट्टीत टाकायचे ते खाण्याचे पांढरे ठोकळे मिळतात ते घेऊ नका, पाणी गढूळ होतं. लाईट टायमरवर, पंप चालू, निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदललेलं. त्या आठवड्यात नवीन मासा आणायचा नाही.

खिडकीवाला
लेकीला महिनाभर मासे नाहीत सांगितलं तर तोंड एवढंसं झालं. मग म्हणाली तोपर्यंत गोगलगायी तरी आण.

शेवाळशत्रू
विकत आणू नका, झाडांबरोबर फुकट येतात. नको असत्या तर झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून घ्या म्हणालो असतो, पण आता राहू द्या. फक्त त्यांची संख्या वाढायला लागली की समजा खाणं जास्त पडतंय.