काम चोख, पण टीमशी तुसडेपणा. डेडलाइन आधी की बोलणं आधी?

प्रश्न:
टीम ९ जणांची. त्यांतला सर्वांत जाणकार माणूस मीटिंगमध्ये इतरांना मध्येच तोडतो, ज्युनिअरने काही विचारलं की "एवढंही कळत नाही?" म्हणतो. डिलिव्हरी ३ आठवड्यांवर आली आहे. तोवर कळ काढावी की आत्ताच बोलावं? आणि बोलायचं तर कसं?

उत्तर १:
थांबू नका. ज्युनिअर त्याला विचारणंच सोडून देतील, अंदाजाने काम रेटतील आणि चुका नेमक्या शेवटच्या आठवड्यात उघड्या पडतील.

प्रसंग घडल्यापासून एक-दोन दिवसांत त्याला एकट्याला बोलवा, २० मिनिटं पुरतात. "तू उद्धट आहेस" म्हणालात की तो स्वतःच्या स्वभावाची वकिली करत बसेल. प्रसंग, वागणं, परिणाम या क्रमाने सांगा: "मंगळवारी आपली ज्युनिअर टेस्टिंगबद्दल विचारत होती. तू तिला मध्येच तोडून 'एवढंही कळत नाही?' म्हणालास. त्यानंतर ती गप्प बसली आणि तिचा मुद्दा राहूनच गेला." मग तुम्ही गप्प राहा, त्याला बोलू द्या. ती शांतता जड जाते, आणि बरेच मॅनेजर तिथेच "तसं फार काही नाही म्हणा" असं पुटपुटून सगळ्यावर पाणी फिरवतात.

उत्तर २:
आधी त्याच्यावरचा भारही बघा. सगळ्यांच्या शंका एकट्याकडेच जात असतील तर त्याचं काम दिवसभर तुटत राहतं, चिडचिड होणारच. शंकांसाठी रोज अर्धा तास ठरवून द्या, पुन्हा पुन्हा येणारी उत्तरं लिहून ठेवायला लावा. अर्थात, कारण सापडलं म्हणून अपमान खपवून घ्यायचा नाही.

आणि कृपया सगळ्या टीमला "आदराने वागा" असा मेल टाकू नका. ज्याला उद्देशून लिहिलेला असतो, त्याला तो दुसऱ्याच कुणासाठी वाटतो. बाकीचे उगाच बिचकतात.

उत्तर ३:
नोंद ठेवा: तारीख, कोण हजर होतं, नेमके शब्द, कामावर काय परिणाम झाला. "अ‍ॅटिट्यूड खराब" हे नुसतं मत झालं. २ आठवड्यांनी पुन्हा बसा. सुधारणा दिसली तर तीही तितक्याच नेमकेपणाने सांगा. फरक नसेल तर एचआरला लेखी कळवा. धमकी किंवा लैंगिक शेरेबाजी असेल तर मात्र त्याच दिवशी.

प्रश्नकर्ता:
मीटिंग चालू असतानाच पुन्हा घडलं तर?

उत्तर १:
"एक मिनिट, तिचं बोलणं पूर्ण होऊ दे." एवढंच, आवाज न चढवता. आणि लगेच तिच्याकडे वळून मुद्दा पूर्ण करून घ्या. बाकीचं नंतर, दार लावून.