कारखान्याच्या वायफायवर पीसीचं टर्मिनल मोबाइलला उघडं ठेवायचं का?

लूमबाजू:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या काही युनिटांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो. तिथे एक प्रकार वाढत चाललाय. ऑफिसातल्या लिनक्स पीसीवर टीटीवायडी चालू ठेवतात, म्हणजे पीसीचं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्राम. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पुढे ७६८१ हा पोर्ट (त्या प्रोग्रामचा क्रमांक) टाकला की टर्मिनल हातात. पासवर्ड नसतो. विचारलं तर म्हणतात, "लोकल नेटवर्क आहे की, बाहेरचं कोण येतंय?"

हे बंद व्हायलाच पाहिजे. वायफायचा पासवर्ड ऑफिसच्या भिंतीवर मार्करने लिहिलेला असतो. जॉबर, फिटर, सुताच्या बॅगा उतरवायला आलेला टेम्पोवाला, सगळ्यांच्या फोनमध्ये तो सेव्ह आहे. यातल्या कुणीही तो पत्ता टाकला की समोर शेल, म्हणजे पीसीला थेट कमांड द्यायची जागा. ज्या युजरने ते चालू केलं त्याला जे जे करता येतं, ते यालाही: जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) डिझाइन फाइली उचलणं, पार्ट्यांचे हिशोब वाचणं, सगळं पुसून टाकणं.

त्याऐवजी एसएसएच वापरा, त्यात टर्मिनलची सगळी ये-जा एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊन जाते. अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घ्या, त्यात ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्राम) टाका, फोनवरच किल्ल्यांची जोडी (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या दोन फाइली, एक खाजगी, एक पब्लिक) बनवा, पब्लिक किल्ली पीसीवर चढवा आणि मग पीसीवरचं पासवर्डने लॉगिन बंद करा. फायरवॉलमध्ये एसएसएचचा २२ पोर्ट फक्त लोकल रेंजला उघडा. एकदाच करायचं काम आहे.

पूर्वभागकर:
एकदाच तुम्हाला, आम्हाला नाही. आमच्या शेडमध्ये लूम चालू असले की फोनवर बोललेलं ऐकू येत नाही. मास्टर मोबाइलवर बघतो, फाइल कन्व्हर्ट झाली का, विषय संपला. रिटायरमेंटला आलेला माणूस आहे ओ, त्याला टर्मक्स न् किल्ल्या शिकवत बसू? ब्राउझर सगळ्यांना येतो. पासवर्डच हवा असेल तर टीटीवायडीलाही लावता येतो. लावतो. झालं?

जुळेसोलापूर_लॅब:
नाही झालं, दादा. तो पासवर्ड साध्या एचटीटीपीवरून बेस६४ मध्ये जातो. ते एन्क्रिप्शन नव्हे, कुणालाही उलटं करून वाचता येतं. आणि कारखान्यांतल्या डब्ल्यूपीए२ (वायफाय सुरक्षेची जुनी पद्धत) राउटरवर सगळ्यांना एकच पासवर्ड. तो माहीत असलेल्या माणसाने तुमचा फोन जोडला जात असताना हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) पकडला, तर पुढचं सगळं त्याला उघडून बघता येतं. त्यापुढच्या डब्ल्यूपीए३ मध्ये हे जमत नाही, पण तसे राउटर किती जणांकडे आहेत?

एसएसएचचा जन्मच यातून झाला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. आतलं नेटवर्क म्हणजे आपलं नेटवर्क, हा समज तेव्हाच मोडला होता.

सात_रस्ता:
मला दोन्ही पटत नाही. मोबाइलवर टर्मिनल हवंच कशाला? एवढ्याशा कीबोर्डवर, ऑटोकरेक्टच्या भरवशावर, फाइली पुसणाऱ्या कमांडी मारायच्या? चालत ऑफिसात जावा की. आणि फोन एसटी स्टँडवर मारला गेला की किल्लीही गेली.

लूमबाजू:
फोन गेला तर पीसीवरच्या ऑथराइज्ड कीज (परवानगी दिलेल्या किल्ल्यांच्या) फाइलमधून त्या फोनची ओळ काढायची. बाकीचे फोन चालू राहतात. किल्लीला पासफ्रेज (तिचा स्वतःचा पासवर्ड) ठेवला असेल तर ती ओळ काढेपर्यंत सवडही मिळते.

टायपिंगचा त्रास खरा आहे. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं, कीबोर्डच्या वर एस्केप-टॅबची पट्टीही येते. तरी लांब कमांडी मी स्क्रिप्टमध्येच घालून ठेवतो, आणि रूट (पीसीचे सर्वाधिकार) फोनवरून कुणाला देत नाही. पण रात्रपाळीत बॅकअप अडकला, हे शेडच्या टोकाला उभं राहून कळणं फार मोलाचं आहे. काम टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी टर्मिनल पीसीवर चालू ठेवणारा प्रोग्राम) लावायचं. भिंतीआड वायफाय तुटलं तरी ते चालू राहतं. लाइट गेली तर मात्र टीमक्सही जातं, त्यामुळे पीसीला यूपीएस हवाच.

पूर्वभागकर:
सगळं बरोबर, पण मास्टरचं काय? त्याला काही टायपायचंच नाही, फक्त बघायचंय.

जुळेसोलापूर_लॅब:
मग त्याला शेल देऊच नका. टीटीवायडीला शेलऐवजी लॉगच्या (कामाच्या नोंदींच्या फाइलच्या) शेवटच्या ओळी दाखवणारी टेल कमांड द्या. लेस ही फाइल वाचायची कमांड नको, त्यातून शेल उघडता येतो. नव्या आवृत्तीत टायपिंग मुळातच बंद असतं, मुद्दाम चालू करावं लागतं; जुनीत उलटं आहे, तेवढं तपासा. लॉगमध्ये पार्टीचं नाव आणि रक्कम येत नाही ना, हेही.

लूमबाजू:
याला माझी हरकत नाही. त्यासाठी वेगळा, बिनअधिकाराचा युजर मात्र करा.

सात_रस्ता:
आणि काम सोडून गेलेल्या ऑपरेटरची किल्ली? ती कोण काढणार? तुमची पद्धत तुम्ही असेपर्यंतच.

लूमबाजू:
हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक किल्लीच्या ओळीअखेर कॉमेंट लिहिता येते, तिथे माणसाचं नाव घाला. शेवटचा पगार देताना हिशोबनीसाने ती ओळ काढायची. उघड्या शेलमध्ये तर कोण आत आलं होतं हेच कळत नाही.

पूर्वभागकर:
मास्टरला लॉग देतो. माझ्या फोनला किल्ली. पण ऑपरेटरांना टर्मक्स शिकवणं मला अजून पटलेलं नाही.

लूमबाजू:
मग त्यांनाही लॉगच द्या, शेल आज बंद करा. आणि पीसीचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून घ्या, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाल्यावर आयपी बदलेल आणि मास्टरचा पहिला फोन तुम्हालाच येईल.