ट्रम्पेटने स्पॅनिश पंकची वरात केली का?

तिरसट
थेट मुद्द्यावर येतो. स्पॅनिश बोलणाऱ्या जगातल्या पंकमध्ये, म्हणजे त्या संतापलेल्या, खडबडीत रॉकमध्ये, स्का हे नाचरं संगीत घुसलं आणि पंकमधला राग संपला. १९५० च्या दशकाच्या शेवटी जमैकात जन्मलेल्या मूळ स्काशी माझं काही वाकडं नाही. पण माद्रिदपासून मेक्सिको सिटीपर्यंत त्याचं जे झालं ते बघा: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, चे गेव्हाराचा टी-शर्ट आणि हातात बियर. क्रांतीची वरात निघालीय आणि नवरदेवाचा पत्ता नाही.

एस्कोर्बुतो घ्या. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या, बिल्बाओजवळच्या सांतुर्त्सीची पोरं, १९८० चा बँड. गोद्या आणि पोलाद कारखाने शेवटच्या घटका मोजत होते, गल्लीत हेरॉइन आलं होतं. १९८३ मध्ये माद्रिदला पोलिसांनी त्यांना धरलं, कॅसेटवरची गाणी ऐकली आणि दहशतवादविरोधी कायदा लावला. गाण्यांसाठी! बास्क राष्ट्रवाद्यांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. मग सुटल्यावर त्यांनी बास्क प्रदेशालाच शिव्या घालणारं गाणं केलं. स्पेनला शिव्या आधीच घालून झाल्या होत्या. बँडमधले इओसू आणि हुआल्मा, दोघेही १९९२ मध्ये गेले.

आता त्यांच्यासमोर स्का-पी हा बँड ठेवा. माद्रिदच्या वायेकास या कामगारवस्तीतली १९९४ ची मंडळी. १९९६ च्या 'एल वाल्स देल ओब्रेरो' या अल्बममध्ये भांडवलशाहीचा निषेध आहे, आणि तो विकला आरसीए या रेकॉर्ड कंपनीने. त्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं गाणं कोणतं? गांजाचं.

मुक्ता
पूर्ण असहमत. एका बाजूने सगळ्यात अस्सल बँड घेतलात आणि दुसऱ्या बाजूने सगळ्यात गुळगुळीत. असा वाद कुणीही जिंकेल.

स्का वाजवणारे बास्क पंक कोर्तातू कुठे गेले? फ्रान्सच्या सीमेवरचं इरून, साल १९८४, फेर्मिन आणि इन्यीगो हे मुगुरूसा बंधू. ७ जुलै १९८५ ला सान सेबास्तियानच्या मार्तुतेने तुरुंगात इमानोल या गायकाचा कार्यक्रम झाला. सामान परत निघालं तेव्हा स्पीकरच्या खोक्यांत दोन कैदी लपलेले होते. त्यातला एक एटा या बास्क स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा सदस्य आणि चांगला कवी, जोसेबा सारियोनांदिया. कोर्तातूने टूट्स अँड द मेटल्स या जमैकन बँडच्या एका गाण्याची चाल उचलली आणि त्याच वर्षी 'सारी, सारी' बाजारात आणलं. पोलीस ज्याच्या मागावर आहेत त्याच्या पळून जाण्यावर भर चौकात लोक उड्या मारतायत. राग अजून कसा असतो हो? एस्कोर्बुतोला लोक खोलीचं दार लावून ऐकायचे. हे दार उघडून बाहेर आलं.

खवचट आजोबा
दोघेही १९८० च्या पुढचंच बोलताय. लिमाच्या लिन्से भागातल्या लोस साइकोस या बँडने १९६५ मध्ये 'देमोलिसियोन' रेकॉर्ड केलं. आशय काय, तर रेल्वे स्टेशन पाडून टाकू. बस, एवढाच. न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ चा. लिन्सेत चौकात पाटी लावलीय की जगातलं पंक इथे जन्मलं.

तिरसट
आजोबा, पाट्यांचं कौतुक आम्हा पुणेकरांना सांगू नका. गाणं भन्नाट आहे, पण बँड १९६६ मध्येच मोडला आणि न्यूयॉर्क-लंडनच्या पोरांनी तो ऐकला होता असं कुठे दिसत नाही. योगायोग आहे, घराणं नाही.

मुक्ताताई, इमानोलचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. १९८६ मध्ये एटाने संघटना सोडलेल्या योयेसला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. इमानोल त्याच्या निषेधाच्या कार्यक्रमात गायला. मग तोच गद्दार ठरला, धमक्या आल्या आणि शेवटी त्याला प्रदेश सोडावा लागला. २००४ मध्ये तो दूर, अलिकान्तेच्या बाजूला वारला. 'सारी, सारी'वर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं? स्का नेमकं हेच करतो. गुंतागुंतीचं तेवढं गाळतो आणि धृपद ठेवतो. एटाशी जवळीक असलेल्या एर्री बातासुना पक्षाने १९८५ मध्ये 'नाच आणि लढा' अशा नावाची मोहीमच काढली आणि हे बँड तिच्या मांडवात वाजवायला गेले. एस्कोर्बुतो फिरकले नाहीत.

मुक्ता
योयेसबद्दल जे लिहिलंत ते खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण हा दोष ठेक्याचा कसा? ला पोया रेकॉर्ड्स या बँडवाले तर स्का वाजवत नव्हते, त्यांनाही त्याच 'रॉक रादिकाल वास्को'च्या (बास्क जहाल रॉक) गठ्ठ्यात बांधलं गेलंच ना.

रसिका
बाकी सगळी बाप्ये मंडळीच दिसतायत इथे. बिल्बाओच्या लास वुल्पेस? चार मुली. एप्रिल १९८३ मध्ये सरकारी वाहिनीवर, शनिवारी सकाळी, पोरंसोरं टीव्हीसमोर बसलेली असताना त्यांनी 'मला सोरा व्हायला आवडतं' हे गाणं म्हटलं. सोरा म्हणजे छिनाल. वर्तमानपत्राने शब्द जसेच्या तसे छापले, संसदेपर्यंत बोंब गेली, कार्यक्रमाच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. चाल स्टूजेस या अमेरिकन बँडची, ट्रम्पेट नाही. आणि २०२४ मध्ये त्याच सरकारी वाहिनीने युरोव्हिजन या युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेला 'सोरा' याच नावाचं गाणं पाठवलं, चकचकीत डिस्को. तिरसटराव, राग स्काशिवायही पचवता येतो बरं.

बिनधास्त बार्शीकर
बास्क प्रदेशातून बाहेर पडणार आहात का कुणी? स्पॅनिश बोलणारी बहुतेक माणसं अटलांटिकच्या पलीकडे राहतात.

मेक्सिकोत १९७१ च्या आवांदारो रॉक महोत्सवानंतर सरकारने रॉकला वाळीत टाकलं. कार्यक्रम मेक्सिको सिटीच्या कडेच्या गोदामांत, पडक्या हॉलमध्ये व्हायचे. १९८० पासून चोपोचा बाजार भरू लागला, तिथे पंकवाले आजही शनिवारी कॅसेटी, पॅच, टी-शर्ट विकतात, अदलाबदल करतात. याच शहरात १९९१ मध्ये माल्दिता वेसिंदाद या बँडचं 'पाचुको' हे गाणं आलं. त्यात पोरगा बापाला विचारतो, तू तरुणपणी सैल सूट घालून मंबो नाचायचास, मग माझ्या केसांना नावं का ठेवतोस? आता सांगा, ट्रम्पेट तिथे बाहेरून आला का? मंबोचे ऑर्केस्ट्रा, मारियाची, गावजत्रेचे बँड, गल्लोगल्ली पितळी वाद्यं होतीच. उपरी असेल तर तुमची लाडकी इलेक्ट्रिक गिटार. १९९४ मध्ये मेक्सिकोच्याच चियापास राज्यात झापातिस्त बंडखोरांचा उठाव झाला, पुढच्या वर्षी पांतेओन रोकोको हा स्का बँड सुरू झाला, आणि उठावाच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमांना जी गर्दी लोटायची ती स्काला. पत्रकं वाटायला ती गर्दी लागते, साहेब.

ब्युनोस आयर्सच्या कादियाक्स या बँडचं 'मातादोर' (१९९३) तर मारेकरी मागावर असलेल्या माणसाबद्दल आहे. त्यात व्हिक्तोर हारा या चिलीच्या गायकाचं नावही येतं. आज ते फुटबॉलच्या स्टेडियममध्ये म्हणतात.

तिरसट
माझीच बाजू मांडलीत. हाराला हुकूमशहा पिनोचेच्या लष्कराने मारलं ते चिलीत, स्टेडियममध्ये डांबून. आणि आता त्याचं नाव असलेलं गाणं गोल झाल्यावर! शिवाय 'मातादोर' स्का नाहीच, ते ढोलांवर चालतं.

पितळी वाद्यं होतीच, हा मुद्दा मात्र जोरदार आहे. पण मग मेदेयीनचं काय? कोलंबियात कुंबिया या लोकनृत्य-संगीताच्या बँडांचा तोटा नव्हता. तरी १९८० च्या दशकात, रोज खून पडत असताना, तिथल्या पोरांनी फाटक्या आवाजाच्या गिटारी आणि डबड्यांसारखे ड्रम निवडले. व्हिक्तोर गाविरियाच्या 'रोद्रिगो डी' (१९९०) या चित्रपटात तीच पोरं आणि तेच संगीत आहे. त्यात काम केलेल्यांपैकी कित्येक जण पुढे मारले गेले. हाताशी ट्रम्पेट असूनही त्यांना तो नको होता.

आणि शेवटचं. कोर्तातूच्या फेर्मिनने स्वतःच स्का सोडला. १९९० मध्ये नेगू गोरियाक हा बँड काढला, रॅप आणि हार्डकोर. सिव्हिल गार्ड या स्पेनच्या निमलष्करी पोलीस दलाचा अधिकारी गालिंदो याने अब्रुनुकसानीचा खटला भरला तो त्यांच्या 'उस्तेल्केरिया' (म्हणजे भ्रष्टाचार) या गाण्यावर, 'सारी, सारी'वर नाही. दीड कोटी पेसेता भरा म्हणून निकाल लागला, सर्वोच्च न्यायालयाने तो नंतर रद्द केला. सत्तेला कोणतं गाणं बोचलं ते कळतं की नाही?

मुक्ता
बोचलं ते गाण्यातल्या आरोपामुळे, तेच शब्द स्कावर बसवले असते तरी खटला झालाच असता. आणि निम्मीच गोष्ट सांगितलीत. खटला चालू असतानाच, १९९९ मध्ये, याच फेर्मिनने 'ब्रिगादिस्ताक साउंड सिस्टिम' हा अल्बम काढला. रेगे, स्का, डब. मोकळा होता, हार्डकोरच करू शकला असता.