विषय: गुहागरच्या विहिरीचा पंप, लाईट आली पण पाणी नाही (तातडीचं)

मंडळी, बुधवारच्या वाऱ्यात गेलेली लाईट काल रात्री आली, पंप चालू होतो, आवाज नेहमीसारखाच, पण टाकीत थेंब नाही. बाबांचा गुडघा सगळ्यांना ठाऊक आहेच, आई एकटी रहाटाने काढतेय, कळशा किती ओढणार? वायरमन फोन उचलत नाही. १ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र), काठावरच आहे. मोटर जळली का? रात्री आईला काय सांगू?

---

दापोलीवाले काका:

कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा भाग, बघा आधी. २०२० ला निसर्ग वादळ ३ जूनला आलं, त्यानंतर आमच्याकडे लाईट आली तीच इतक्या कमी व्होल्टेजची की मोटर नुसती गुणगुणायची, फिरायची नाही, भावाने तशीच चालू ठेवली आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तार, जळलं. बटण बंद ठेवायला सांग. आणि पंपाचं काही असलं की आधी मला फोन करायचा असं ठरलंय ना, मी जन्मभर जळलेल्या मोटरीच परत भरल्या आहेत.

---

अलिबागच्या वहिनी:

काका, ती लिहितेय आवाज नेहमीसारखा, म्हणजे मोटर फिरतेय, फक्त पंप पाणी धरत नाहीये. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, गळत असणार. रोज चालवताना कळत नाही, चार दिवस बंद राहिला की सक्शनच्या पाइपातलं सगळं पाणी खाली उतरतं आणि हवा भरते. मेन स्विच बंद करून पंपावरचं बूच काढायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतायचं. कोरडा फिरवू नका, सील जातं. आणि विहिरीत कोणालाही उतरवू नका.

---

दापोलीवाले काका:

वहिनी, पाण्याची पातळीही विचारा. काठावरचा पंप २५ फुटांच्या खालचं ओढत नाही, कितीही ओता.

---

पुन्हा मीच, सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) टाका म्हणणाऱ्यांना:

तो विषय मे महिन्यात झालाय. आमचं आगर समुद्राला लागून आहे, जास्त उपसलं की पाणी मचूळ होतं, पोफळी मरतील. आता नको.

---

परत मीच, शनिवार:

पाणी आलं!! पातळी १२ फुटांवरच होती. शेजारचा मुलगा तांब्याने ओतत होता, आई फोन धरून उभी, ओतलं की खाली जायचं, परत ओतायचं, चौथ्या बादलीला बुचापर्यंत येऊन थांबलं. चालू केला तर पंधरा मिनिटांत टाकी अर्धी. पण सकाळी परत तेच, पाइप रिकामा. मग दोघांनी पाइप वर ओढला, फूटव्हॉल्व्हच्या झडपेखाली झावळीचा बोटभर तुकडा अडकलेला, रबरही चिरलंय. वहिनी, तुमचंच बरोबर. काका, व्होल्टेज २१० आहे, मोटरला काही झालेलं नाही. नवा प्लास्टिकचा घेऊ की पितळी?

---

दापोलीवाले काका:

पितळी. आणि खाली जाळी आहे ना बघून घे.